ढब्बूचा चिखल आणि बेंदराचा बैल

मांडी घाला. हाताची घडी घाला. नाही घालायची? बरं, नका घालू. तुम्ही कुठे माझं ऐकताय! पण कान मात्र इकडे द्या.

तर काय झालं, एक होतं घमेलं. लोखंडी. कडेनं गंजलेलं. एका बाजूनं वाकडं.

घमेल्यात होता चिखल. मऊ मऊ. गार गार. बोट घातलं की पचाक!

आणि चिखलात होता ढब्बू.

ढब्बू म्हणजे बेडूक. साधासुधा नाही हं! डराव बेडूक. मोठा झाला की बाबांच्या तळहाताएवढा होणार. पावसात पिवळाधमक होणार. गळ्यापाशी दोन निळे निळे फुगे फुगवणार. मग ओरडणार, डराँव! डराँव!

पण ते मोठेपणी. आत्ता ढब्बू केवढा? अंगठ्याएवढा. दाखवा बरं तुमचा अंगठा. नाही, बाबांचा अंगठा. हां, एवढा.

थोड्या दिवसांपूर्वी तर तो पोहत होता. तेव्हा त्याला लांब शेपूट होतं. मग मागचे पाय आले. मग पुढचे पाय आले. मग शेपूट आखूड झालं, आखूड झालं, अंगातच जिरलं. आता राहिला होता एवढासा खुंट. त्या खुंटाला हसलेलं ढब्बूला मुळीच खपायचं नाही.

ढब्बूला कुणी पाळलं होतं? रेवूनं. रेवू पाच वर्षांची. राहायची बोरवाडीत. रोज सकाळी ती घमेल्यात तांब्याभर पाणी ओतायची. हात ओला करायची. मगच ढब्बूच्या पाठीवरून बोट फिरवायची. कोरड्या हातानं बेडकाला धरायचं नाही. त्याची कातडी लई नाजूक.

रेवू त्याला वरणभात द्यायची. वर तुपाचा थेंब. "खा रे माझ्या राजा!" ढब्बू वरणभाताकडे बघायचासुद्धा नाही.

पाणी मात्र प्यायचा. तोंडानं नाही हं! बेडूक कातडीनं पाणी पितो. ओल्या चिखलात पोट टेकवून बसला की झालं. म्हणून चिखल म्हणजे ढब्बूचं घर. चिखल म्हणजे ढब्बूचं पाणी. चिखल नाही, तर ढब्बू नाही. कळलं?

एक दिवस आला बेंदूर. बेंदूर म्हणजे बैलांचा सण. बैलांना न्हाऊ घालायचं. शिंगं रंगवायची. पुरणपोळी भरवायची.

पण रेवूच्या घरी बैल नव्हता. ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरला कशी भरवणार पुरणपोळी? म्हणून मातीचा बैल करायचा. पाटावर मांडायचा. त्याची पूजा करायची. त्याला पोळी दाखवायची. मग त्याला पाण्यात सोडायचं. अशी त्यांच्याकडची रीत.

सकाळी बाबा परसात आले. त्यांनी घमेलं बघितलं. चिखल बघितला. बोट घातलं. पचाक!

"अरे वा!" बाबा म्हणाले. "बैलासाठी माती आयती भिजवून ठेवलीय! हुशार आहे हो माझी बायको!"

आणि उचललाच की सगळा चिखल! खालीवर बघितलं नाही. कुणाला विचारलं नाही. बाबा म्हणजे बाबाच.

बाबांनी बैल केला. एकच केला, पण दांडगा. मोठं वशिंड. वाकडी शिंगं. पाटावर बसवला. मग रेवूला घेऊन बाजारात गेले, शिंगांना लावायला चमचमती बेगड आणायला.

ढब्बू कुठे होता? अळवाच्या पानाखाली. तिथे जरा गार होतं. पण पावसानं आठ दिवस दडी मारली होती. ऊन वर आलं. अळवाखालची माती सुकली. ढब्बूची पाठ सुकायला लागली.

"चला आपल्या घरी," ढब्बू म्हणाला.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. मारली घमेल्यात उडी.

ठण्ण!

चिखल नाही! नुसतं घमेलं. तेही तापलेलं.

"अगं आई गं!" ढब्बू बाहेर आला. "माझा चिखल कुठाय? कुणी नेला माझा चिखल?"

जमिनीवर चिखलाचे ठिपके सांडले होते. एक ठिपका, दुसरा ठिपका, तिसरा ठिपका. ढब्बू ठिपक्यांच्या मागे निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, थेट पाटापाशी.

पाटावर बैल बसला होता. मान ताठ. नाक वर.

"बैला बैला, माझा चिखल दे!"

"मी चिखल नाही," बैल म्हणाला. "आज मी देव आहे."

"पण तू माझ्या चिखलाचा आहेस! मला माझा चिखल मिळेना!"

"मग मी काय करू? पूजा झाल्याशिवाय पाट सोडायचा नाही, अशी रीत आहे. मी नाही हलणार जा!"

आता काय करावं? पूजा कोण करणार? रेवूची आई. ढब्बू निघाला.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

आई परसात उभी. पदर खोचलेला. कपाळाला पीठ.

"आई आई, पूजा कर ना!"

"का रे ढब्बू?"

"बैल हलेना,
आणि मला माझा चिखल मिळेना!"

"अरे, सणाच्या दिवशी पायात पायात येऊ नकोस रे!" आई म्हणाली. "पुरण शिजलं आणि गॅस संपला. मेला नेमका सणालाच संपतो! आता ही परसातली चूल पेटेल तेव्हा पोळी होईल. पोळी नाही तर पूजा नाही. मी नाही पुजणार जा!"

ढब्बू चुलीकडे वळला. चूल तीन दगडांची. तोंड काळं.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

"चुली चुली, पेट ना!"

"का रे ढब्बू?"

"आई पुजेना,
बैल हलेना,
आणि मला माझा चिखल मिळेना!"

"पेटू कशी?" चूल म्हणाली. "माझ्या पोटात गोवरी नाही. सगळ्या गोवऱ्या त्या ढिगावर. ढिगावर बसलीय कोंबडी. कोंबडी उतरेल, तेव्हा गोवरी मिळेल. मी नाही पेटणार जा!"

ढब्बूची पाठ पार सुकली. पण ढब्बू काही रडला नाही. थोडासा रडला. पण चालता चालता रडला.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

गोवऱ्यांच्या ढिगावर कोंबडी बसली होती. पिसं फुगवून. डोळे वटारून.

"कोंबडी कोंबडी, उतर ना!"

"क्कॉक? का रे ढब्बू?"

"चूल पेटेना,
आई पुजेना,
बैल हलेना,
आणि मला माझा चिखल मिळेना!"

"क्कॉक क्कॉक! उतरू कशी?" कोंबडी म्हणाली. "माझ्याखाली अंडं आहे. आणि तो बघ खाली कोण पसरलाय! खंड्या कुत्रा! मी उतरले की हा अंडं मटकावणार. मागल्या सोमवारी मटकावलं होतं! तो इथून उठेल, तर मी उतरेन. मी नाही उतरणार जा!"

खंड्या ढिगाच्या पायथ्याशीच पडला होता. जीभ बाहेर. हॅ हॅ हॅ हॅ.

ढब्बूनं दोनच उड्या मारल्या. टुणुक टुणुक. पोचला.

"खंड्या खंड्या, ऊठ ना!"

"हॅ हॅ. का रे ढब्बू?"

"कोंबडी उतरेना,
चूल पेटेना,
आई पुजेना,
बैल हलेना,
आणि मला माझा चिखल मिळेना!"

"उठून जाऊ कुठे?" खंड्या म्हणाला. "माझी जागा गोठ्यात. खांबाच्या सावलीत. तिथे आज म्हैस आडवी उभी राहिलीय. एवढी मोठी म्हैस! मला शेपूट ठेवायलाही जागा नाही. ती सरकेल, तर मी उठेन. मी नाही उठणार जा! आणि त्या अंड्याचं काय विचारशील, तर मी पाहिलंसुद्धा नाही ते अंडं. हॅ हॅ."

खोटारडा! पाहिलं नाही म्हणे!

पण ढब्बूला भांडायला वेळ नव्हता. आता पोटही सुकायला लागलं होतं. उडी पहिल्यासारखी जाईना. आधी जायची हातभर. आता जायची वीतभर.

टुणुक... टुणुक. टुणुक... टुणुक.

गोठ्यात म्हैस उभी होती. पाठ खांबाला घासत होती. खर्र खर्र! खर्र खर्र! सगळा गोठा हलत होता.

"म्हशीबाई म्हशीबाई, सरका ना!"

"हम्म्म. का रे ढब्बू?"

चला, आता तुम्हीही म्हणा माझ्याबरोबर. मोठ्यानं! शेजारच्या काकू ओरडल्या तर मी बघते.

"कुत्रा उठेना,
कोंबडी उतरेना,
चूल पेटेना,
आई पुजेना,
बैल हलेना,
आणि मला माझा चिखल मिळेना!"

"हम्म्म," म्हैस म्हणाली. "सरकले असते रे बाळा. पण मला चावतेय गोमाशी. इथे चावते, तिथे चावते. शेपूट मारलं तरी जात नाही. हा खांब आहे म्हणून जरा खाजवता तरी येतंय. गोमाशी उडेल, तर मी सरकेन. मी नाही सरकणार जा!"

"कुठाय ती गोमाशी?"

"ती काय, माझ्या पायावर. खुराच्या वर. अगदी तुझ्या नाकासमोर."

ढब्बूनं बघितलं. बाप रे! केवढी ती गोमाशी! हिरवे डोळे. जाड पोट. ढब्बूच्या डोक्याएवढी.

ढब्बू घाबरला. हो, घाबरला! तुम्हीपण घाबरला असतात. पण तोंड सुकलं, पाठ सुकली, पोट सुकलं. आता मागे जाऊन उपयोग नव्हता. तो आणखी थोडा पुढे झाला.

"माशी माशी, उड ना!"

"झुंईऽऽ! का रे?"

"म्हैस सरकेना,
कुत्रा उठेना,
कोंबडी उतरेना,
चूल पेटेना,
आई पुजेना,
बैल हलेना,
आणि मला माझा चिखल मिळेना!"

माशी हसली. खी खी खी! झुंईऽऽ खी खी!

"एवढी मोठी म्हैस माझं काही करू शकली नाही. आणि तू काय करणार रे? मी नाही उडणार जा!"

"उड ना गं!"

"नाही उडणार जा! नाही उडणार जा! जा घरी, खुंट्या!"

काय म्हणाली? खुंट्या? ढब्बूच्या खुंटाला हसली?

ढब्बूला आला राग. असा राग, असा राग! तो फुगला. टम्म फुगला. आणि माशीकडे एकटक बघायला लागला.

माशी होती वस्ताद. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "बेडकाला हलणारं दिसतं. गप्प बसलेलं दिसत नाही. ही बघ, मी बसले गप्प."

आणि बसली गप्प. पंख गप्प. पाय गप्प. सगळं गप्प.

आणि काय सांगू! ढब्बूला माशी दिसेचना. म्हशीचा पाय दिसतोय. खूर दिसतोय. माशी नाही! बेडकाचं असंच असतं बाबांनो. हलेल ते खाणं. हलणार नाही ते काहीच नाही. म्हणून तर तो रेवूचा वरणभात खायचा नाही. वरणभात कधी हलतो का?

ढब्बू बसला. माशी बसली. ढब्बू हलेना. माशी हलेना. म्हशीनंसुद्धा श्वास रोखला.

पण माशी ती माशी! माशीला पाय चोळल्याशिवाय राहवतंय का? बघा तुम्ही कधीतरी. कुठेही बसू दे, पुढचे दोन पाय धरते आणि चोळते. मोठी जिंकल्यासारखी. हिलाही राहवेना.

चोळला एक पाय. एवढासाच. सुर्र.

ढब्बूला दिसली!

आणि ढब्बूच्या तोंडातून काहीतरी सुटलं. लांब. ओलं. चिकट. ती ढब्बूची जीभ होती! ढब्बूला ठाऊकच नव्हतं आपल्याला अशी जीभ आहे. आजवर वापरलीच नव्हती कधी. आपली जीभ मागे चिकटलेली असते, पुढे मोकळी. बेडकाची जीभ उलटी. पुढे चिकटलेली, मागे मोकळी. म्हणून ती अशी फाडकन बाहेर पडते.

चट्ट!

माशी कुठाय? पायावर नाही. खुरावर नाही.

ढब्बूच्या तोंडात! झुंई झुंई झुंई! गाल हलतोय!

आता गिळायची कशी? एवढी मोठी माशी! ढब्बूनं डोळे मिटले. घट्ट मिटले. बेडकाचे डोळे मिटले की आत जातात, आणि घास मागे ढकलतात. खरंच! डोळ्यांनी गिळतो बेडूक.

गुळुप्!

गोठा एकदम शांत.

"हुश्श!" म्हैस म्हणाली. "गेली एकदाची! शाब्बास रे ढब्बू! अंगठ्याएवढा तू, आणि माझं काम केलंस!"

ढब्बूनं छाती फुगवली. म्हशीनं सोडला खांब. धप्. धप्. धप्. सरकली.

माशी संपली, म्हैस सरकली!

खंड्यानं बघितलं. खांबाची सावली मोकळी! "हॅ हॅ हॅ!" उठला, पळाला, सावलीत जाऊन तीनदा गोल फिरला आणि पडला.

म्हैस सरकली, कुत्रा उठला!

कोंबडीनं मान वाकडी करून बघितलं. कुत्रा नाही. क्कॉक! फडफडफड! उतरली खाली.

कुत्रा उठला, कोंबडी उतरली!

"आई आई, गोवरी घे!" ढब्बू ओरडला.

आई धावली. कोंबडीचं अंडं आधी टोपलीत ठेवलं, मग चार गोवऱ्या घेतल्या. चुलीत घातल्या. काडी ओढली. फूऽऽ! फूऽऽ! भडभडभड!

कोंबडी उतरली, चूल पेटली!

आईनं तवा ठेवला. पोळी लाटली. पोळी टाकली. टम्म फुगली. वास कसा सुटला सांगू! पहिली पोळी बैलाची. तूप सोडलं, ताटात घेतली.

पण ढब्बू कुठे राहिला? ढब्बू येत होता. टुणुक... येत होता. टुण्... येत होता. पोटात माशी होती, पण अंगात पाणी नव्हतं. परसातून पाटापर्यंतची वाट केवढीशी! त्याला ती संपता संपेना.

तेवढ्यात फटफट फटफट! बाबा आणि रेवू बाजारातून आले.

रेवू फटफटीवरून उडी मारून उतरली. पहिली गेली घमेल्याकडे. आणि केवढ्यानं ओरडली!

"बाबाऽऽ! माझा चिखल कुठाय? माझा ढब्बू कुठाय?"

बाबा बघतच राहिले. "अगं... मला वाटलं... आईनं बैलासाठी भिजवलाय..."

"मी कशाला परसात चिखल भिजवू?" आई म्हणाली. "बघून तरी घ्यायचं!"

बाबांनी जीभ चावली. एवढे मोठे बाबा, पण तोंड कसं एवढंसं झालं!

"बाबा," रेवूला रडूच फुटलं. "चिखल नसला तर तो मरतो ना!"

"हा बघ! हा बघ!" आई म्हणाली. उंबऱ्यापाशी ढब्बू होता. गप्प बसला होता. पाठ सुरकुतलेली. आता टुणुकही होईना.

रेवूनं तांब्यात हात बुडवला. दोन्ही हात ओले केले. ओल्या ओंजळीत ढब्बूला उचललं. आईनं वर चमचाभर पाणी सोडलं.

बाबांनी पाटावरचा बैल धरला. "मोडतो आत्ता हा बैल!"

"थांबा!" आई म्हणाली. "पूजेआधी बैल मोडतात का? एवढी एक पोळी दाखवते, मग घ्या तुमचा बैल!"

"मग लवकर कर!" रेवू म्हणाली. "लवकर, लवकर, लवकर!"

अशी झटपट पूजा बोरवाडीत कधी झाली नाही. फूल वाहिलं. पोळी दाखवली. घंटा वाजवली. टण् टण् टण्! बेगड? बेगड बाबांच्या खिशातच राहिली.

चूल पेटली, आईनं पुजलं!

बैलानं पोळीचा वास घेतला. मान ताठ. नाक वर. मग म्हणाला, "छान झाली पूजा. आता मला पाण्यात सोडा."

"चला तळ्यावर," बाबा म्हणाले. "सगळ्यांचे बैल तळ्यातच सोडतात."

"तळ्यात?" बैल म्हणाला. "छट्! मी त्या ढब्बूच्या चिखलाचा. त्याच्या घमेल्यातून आलो. मी त्याच्याच घमेल्यात जाणार!"

देव म्हणतो म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

बाबांनी बैलावरचं फूल काढलं. घमेलं सावलीत ओढलं. बैल त्यात ठेवला. आईनं पिण्याच्या पाण्याची घागर आणली. नळाला दोन दिवसांनी पाणी येणार होतं, तरी अर्धी घागर ओतली. भुळुक भुळुक भुळुक!

आधी गेलं बैलाचं शेपूट. ते बघून ढब्बूला जरा बरं वाटलं. मग गेली शिंगं. मग गेलं वशिंड. मग मान. मग नाक. बाबांनी दोन्ही हात घातले आणि राहिलेलं कालवलं. पचाक! पचाक! पचाक!

बैल कुठाय? नाही! सगळा चिखल!

रेवूनं ओंजळ खाली नेली. अगदी चिखलाजवळ. हळूच उघडली.

ढब्बूनं बघितलं. मऊ मऊ. गार गार. त्यानं पाय गोळा केले. होती नव्हती तेवढी ताकद लावली.

डुबुक!

गेला आत. डोकं दिसेना. पाठ दिसेना. खुंट दिसेना.

रेवू वाकून बघते. आई वाकून बघते. बाबा गुडघ्यावर बसून बघतात. कोंबडी बघते. खंड्या बघतो. म्हैस गोठ्यातून मान लांब करून बघते.

एक... दोन... तीन...

पचाक!

वर आले दोन डोळे. मग आलं डोकं. मग आली पाठ. ओली! चकचकीत! ढब्बूचं पोट पाणी प्यायलं, पाठ पाणी प्यायली, सगळा ढब्बू पाणी प्यायला.

"जिंकला! ढब्बू जिंकला!" रेवू नाचायला लागली.

बाबांनी कान धरले. चिखलाच्याच हातांनी धरले. "चुकलो, ढब्बूराव. यापुढे विचारल्याशिवाय तुमच्या चिखलाला बोट लावणार नाही."

"आणि वरणभात बंद!" आई म्हणाली. "त्याला हलणारं खाणं लागतं. गांडूळ शोध, नाकतोडा शोध. आणि अंगात बळ आलं, की त्याला तळ्याकाठी सोडायचं. मोठा झाला की घमेल्यात मावायचा नाही तो."

"तोवर माझा ना?" रेवूनं विचारलं.

"तोवर तुझा."

आणि ढब्बू? ढब्बू घमेल्याच्या मधोमध बसला. चारी पाय पसरून. राजासारखा. फुगला, टम्म फुगला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. ओरडा, तुम्हीही ओरडा!

"माशी संपली!
म्हैस सरकली!
कुत्रा उठला!
कोंबडी उतरली!
चूल पेटली!
आईनं पुजलं!
बैल विरघळला!
आणि मला माझा चिखल मिळाला!"

ज्याचं होतं त्याला मिळालं, गोष्टीचं गाठोडं मोकळं झालं. चला, पाय धुऊन या. पोळ्या गार होताहेत.